मागच्या खोलीखालची विहीर

थापीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द काकांनाही सही करायची वेळ आली की ते जरा आठवावं लागे. विशीत त्यांनी गवंड्याची थापी हातात घेतली ती सत्तरी जवळ आली तरी खाली ठेवली नाही, म्हणून ते थापीकाका. गिलावा करावा तर काकांनीच, असं लोक म्हणत. बॅटरीचा झोत भिंतीला लागून आडवा टाकला तरी कुठे उंचवटा सापडायचा नाही. "काकांच्या भिंतीवरून पाल घसरून पडते," असं एक रंगारी नेहमी म्हणायचा. त्यात कौतुकाइतकीच तक्रारही असायची, कारण इतक्या गुळगुळीत भिंतीवर त्याचा रंग धरत नसे.

कुणी फारच स्तुती केली तर काकांचा एक ठरलेला विनोद होता. "आपण थापी मारतो बाबा, थापा मारत नाही." समोरचा हसायचा, काका त्याच्याहून जास्त हसायचे आणि पुन्हा घमेल्याकडे वळायचे. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी हा विनोद करायचं सोडून दिलं. त्याला कारण झालं त्यांच्या बायकोचं माहेर.

त्या घरात काका पहिल्यांदा गेले ते जावई म्हणून नव्हे, विहीर बुजवायला. तीन खोल्या एका ओळीत, पुढे दोन पायऱ्या, मागे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात ती विहीर. घरमालकांचं सायकलचं दुकान होतं. माणूस मनाने चांगला, पण घाई अशी की चहासुद्धा उभ्याउभ्याच प्यायचा. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला स्वतंत्र खोली हवी, आणि खोली वाढवायला विहिरीखेरीज जागा नव्हती. घरोघर नळ आले होते, त्यामुळे विहिरीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

काका तेव्हा एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली होते. मिस्त्रीने मालकांना बजावलं होतं, "विहीर अशी एका दमात भरता येत नाही. मुरमाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने चोपायचं, मग दुसरा थर. वर आल्यावर वर्षभर बसू द्यायची. मगच वर भिंत."

"वर्षभर?" मालक म्हणाले. "तोवर नवरी काय अंगणात राहील?"

मग जे हाताला लागेल ते विहिरीत गेलं. फुटक्या विटा गेल्या, कुजलेल्या तुळया गेल्या, दुकानातल्या गंजक्या रिमा गेल्या. अंगणातलं एक झाड तोडलं होतं, त्याचं खोडही गेलं. लाकूड आत कुजतं आणि पोकळी राहते, हे मिस्त्रीला कळत होतं, काकांनाही कळत होतं. पण मालक पुढ्यात उभे राहून "टाका, टाका" म्हणत होते.

मालकांना एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. ती रोज दुपारी, कामगार जेवायला बसले की कठड्यापाशी यायची, वाकायची आणि आत हाक मारायची, "एऽऽ!" विहीर तिला उलट हाक द्यायची. लहानपणापासूनचा तिचा हा खेळ होता. पहिल्या दिवशी हाक खोलवरून, दोनदा आली. मग रोज थोडी वर, थोडी आखूड. आठव्या दिवशी तिने हाक मारली आणि काहीच आलं नाही. ती तशीच वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा डोळे भरलेले होते.

तोवर तिच्याशी एक शब्दही न बोललेला तरणा गवंडी पटकन बोलून गेला, "आता आम्ही आहोत ना उत्तर द्यायला."

बोलल्यावर त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की उरलेली भाकरी त्याने तशीच फडक्यात बांधली. पण मुलगी हसली. दीड वर्षाने त्यांचं लग्न झालं. पुढे उभा जन्म ती त्यांना ऐकवत राहिली, "माझी विहीर बुजवलीत, आणि वर मलाही उचलून घेऊन गेलात!"

त्या घराचं काकांना सुख फार मिळालं. सासरे गेल्यावर दुकान आणि घर थोरल्या मुलाकडे आलं. बायको त्याला दादा म्हणे, म्हणून काकाही दादाच म्हणत. दादा गप्पिष्ट, हाताला ग्रीसचा वास कायमचा. काकांना ते "जावईबापू" म्हणत, तेही रस्त्याच्या पलीकडून, मोठ्यांदा, चार माणसांत लाजवायला. सुट्टीत काका बायको-मुलींना घेऊन गेले की त्यांना मागची खोली मिळे. तिथे दुपारचं ऊन खिडकीतून सरकत सरकत पलंगापर्यंत यायचं. दादांची आणि काकांची मुलं एका ओळीत फरशीवर पालथी झोपायची, गार लागते म्हणून. पुढच्या खोलीत दादा कुठल्यातरी सायकलची घंटा दुरुस्त करून पुन्हा पुन्हा वाजवून बघायचे आणि वहिनी आतून ओरडायच्या, "झाली हो आता, कळलं सगळ्या गावाला!" काका पलंगावर पडून छताकडे बघत. खोली त्यांच्याच हातची. कधीतरी मनात यायचं, आपण विहिरीवर झोपलोय. पण ते भीतीने नाही, एखादी जुनी ओळख आठवावी तसं.

असं करता करता पंचेचाळीस वर्षं गेली. वहिनी गेल्या. दादांचे गुडघे गेले, दुकान बंद झालं. मुलगा दूरच्या शहरात होता, तो सारखा म्हणे, या आता इकडे. शेवटी दादांनी घर विकायला काढलं आणि काकांना निरोप धाडला. "मागच्या खोलीत जरा भेग पडलीय. गिऱ्हाईक यायच्या आत एकदा हात फिरवून जा."

काका गेले. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी जमिनीपर्यंत उतरली होती. वर केसाएवढी, खाली बोट जाईल एवढी. काकांनी त्यावर लगेच थापी ठेवली नाही. भेगेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवली. भेग जुनी, मेलेली असेल तर काच राहते. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकते. गवंड्याची नाडीपरीक्षाच ती. तीन आठवड्यांनी काका आले तर काच मधोमध तुटली होती.

"दादा, भेग जिवंत आहे," ते म्हणाले. "खाली विहीर बसतेय. लाकूड कुजलं असणार."

"माहीत आहे हो. बाबांची घाई, दुसरं काय!"

"घेणाऱ्याला सांगाल ना?"

"सांगणार तर! त्यात लपवण्यासारखं काय आहे?" दादा म्हणाले, आणि लगेच चहा किती साखरेचा हवा ते विचारू लागले.

काकांनी भेग खोलून घेतली, बारीक जाळी ठोकली, आणि दोन हात गिलावा केला. त्यावर आपल्या त्या गाजलेल्या हाताने असा साज चढवला की भिंत नवी वाटावी. दादांनी तळवा फिरवून बघितला. "हात अजून तसाच आहे हो जावईबापू!" काकांनी नेहमीचा विनोद केला. तो शेवटचाच ठरला.

घर घेतलं एका नर्सबाईंनी. बाई इस्पितळात वीस वर्षं नोकरी केलेल्या, लग्न न केलेल्या. सोबत अंथरुणाला खिळलेली आई. आईला खिडकीतून ऊन यावं म्हणून बाईंनी तिचा पलंग मागच्या खोलीत टाकला.

आठ-नऊ महिने झाले असतील. एका सकाळी नर्सबाई काकांच्या दारात उभ्या राहिल्या. अंगावर ड्यूटीचेच कपडे. "शेजाऱ्यांनी तुमचं नाव सांगितलं. भिंतीचं काम तुम्हीच केलं होतंत ना? पुन्हा तडा गेलाय. फरशीही खचल्यासारखी वाटते. आईच्या पलंगाखाली विटांचे तुकडे घालावे लागतात, नाहीतर ती एका अंगाला घरंगळते. जरा बघाल का?"

काका त्यांच्याबरोबर गेले. कपाटाचं दार आपोआप उघडत होतं. बाईंनी ते दोरीने बांधून ठेवलं होतं. म्हातारीने काकांकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "दुरुस्त करा हो, मुलीला झोप नाही." काकांनी जाळीसकट फाटलेल्या आपल्या गिलाव्यावर हात ठेवला. मग खाली वाकून फरशीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं. आवाज पोकळ आला.

"घर घेताना तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

काकांना त्या क्षणी अजूनही गप्प राहता आलं असतं. पाया जुना आहे, माती काळी आहे, असं काहीही सांगून उठता आलं असतं. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, या खोलीखाली विहीर आहे. मीच बुजवलीय."

नर्सबाई आधी दादांकडेच गेल्या. दादा मुलाकडे राहायला गेले होते. फोनवर त्यांनी कानावर हात ठेवले. विहीर? आपल्याला काही कल्पना नाही, वडिलांच्या वेळचं काही असेल तर असेल, आणि करारात तर स्पष्ट लिहिलंय की घर आहे त्या स्थितीत दिलं आणि घेतलं. तेव्हा बाईंनी दावा लावला.

बाईंची वकीलही बाईच होती, वयाने लहान, पण बोलायला ठाम. ती काकांच्या घरी आली आणि स्टुलावर बसून तिने सगळं उलगडून सांगितलं. "काका, जो दोष डोळ्यांनी दिसतो तो घेणाऱ्याने बघून घ्यावा, हे बरोबर. गळकं छप्पर, मोडकं दार, त्याबद्दल नंतर रडून उपयोग नाही. पण जो दोष नीट बघूनही दिसत नाही आणि विकणाऱ्याला मात्र ठाऊक आहे, तो त्याने सांगायलाच हवा. नाही सांगितला तर नुसतं गप्प बसणंसुद्धा फसवणूक धरतात. 'आहे त्या स्थितीत' असं लिहून त्यातून सुटता येत नाही."

"मग अडचण कुठे आहे?"

"त्यांना ठाऊक होतं, हे दाखवावं लागतं. ते म्हणतात, नव्हतं. आणि तुमच्याशिवाय हे सांगणारं कुणी उरलेलं नाही."

कुणी उरलेलं नाही हे तितकंसं खरं नव्हतं. काकांची बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या हातांचा आवाज थांबला होता.

वकीलबाई गेल्यावर ती बाहेर आली. "दादा आहे तो माझा," एवढंच म्हणाली. मग तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मीठ कुठे आहे, दार लावा, संपलं. काकांनी कामावर जाणंही सोडलं. ओसरीत बसून ते थापीला नसलेला गंज घासत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोने त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि समोर बसली.

"त्या बाईंची आई कुठे झोपते हो?"

"मागच्याच खोलीत."

"विहिरीवर?"

"हो."

तिने कप बाजूला सारला. "मी आठ दिवस हाका मारत होते त्या विहिरीत. दादा माझ्या मागे उभा राहून हसायचा, 'वेडी आहे' म्हणायचा. आणि आता म्हणतो, ठाऊक नाही." मग उठली. "तुम्ही जा. पण मला तिथे नेऊ नका. दादासमोर उभं राहून मला बोलता येणार नाही."

कोर्टाची खोली काकांना वाटली होती त्याहून लहान निघाली. गिलावा अगदीच सामान्य, एका कोपऱ्यात फुगलेला. दादा पुढच्या बाकावर बसले होते, गुडघ्यावर दोन्ही हात. किती वाळले होते! त्यांनी मान वर केली नाही. काकांच्या मनात आलं, आत्ता जर हा माणूस मोठ्यांदा 'जावईबापू' म्हणाला तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

काकांनी सगळं सांगितलं. विहीर, तुळया, झाडाचं खोड, भेग, काचेची पट्टी, आणि दादा 'माहीत आहे हो' म्हणाले ते. दादांचे वकील उठले.

"म्हणजे भेग झाकली कुणी?"

"मी."

"जिवंत आहे हे माहीत असताना?"

"हो."

"मग लपवाछपवी केली ती तुम्ही! आणि आता स्वतःच्या मेहुण्यावर ढकलताय?"

मग न्यायाधीशांनीच विचारलं, "घेणाऱ्या बाईंना तुम्ही का नाही सांगितलंत?"

"साहेब, मला कुणी विचारलं नाही, असं म्हणता येईल," काका सावकाश म्हणाले. "पण खरं ते असं, की मेहुणे 'सांगणार तर' म्हणाले, तेव्हाच मला कळलं होतं, हे सांगणार नाहीत. पंचेचाळीस वर्षं ओळखतो मी त्यांना. कळलं होतं आणि तरीही मी गिलावा केला. चांगला केला. वाईट केला असता तर बाईंना निदान संशय तरी आला असता."

दादांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होताच, पण नुसता राग नव्हता. ती नजर काकांना पुढे कितीतरी दिवस कामात असताना आठवत राहिली, आणि दर वेळी ती निराळी वाटली.

निकाल नर्सबाईंच्या बाजूने लागला. विकणाऱ्याला दोष ठाऊक होता, तो त्याने सांगितला नाही, तेव्हा एकतर घर परत घ्यावं, नाहीतर पायापासून दुरुस्ती करून द्यावी. बाईंनी दुरुस्ती मागितली. आईला पुन्हा हलवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि त्यांना ते घर आवडलंही होतं. दादांनी वरच्या कोर्टात जायचं नाही असं ठरवलं. खर्च त्यांच्या मुलाने सोसला, आणि आत्याला फोन करून एकच वाक्य बोलला, "काकांनी एकदा आमच्याशी बोलायचं होतं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

खोली उतरवली. विहीर पुन्हा मोकळी करून त्या जुन्या मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे भरली. मुरूम, पाणी, धुम्मस, आणि पुन्हा मुरूम. काकांचं वय आता चोपण्याचं नव्हतं, पण ते रोज सकाळी जाऊन कडेला बसत आणि एकही थर घाईने होऊ देत नसत. मजुरी घेतली नाही. नर्सबाईंनी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "हे माझंच अर्धं राहिलेलं काम आहे." आईचा पलंग तेवढे दिवस मधल्या खोलीत होता. म्हातारी काकांना रोज विचारायची, आज किती वर आलं? काका हाताने दाखवायचे, एवढं. वर आल्यावर सगळ्यांनी मिळून वर्षभर वाट पाहिली. भिंती त्यानंतर चढल्या.

दादा दोन वर्षं काकांशी बोलले नाहीत. बायको दर आठवड्याला फोन करायची. दादा उचलायचे, तिच्याशी गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल बोलायचे, आणि काकांचं नाव आलं की फोनवर नीट ऐकू येईनासं व्हायचं. मग एका दुपारी बायको बाहेर गेली होती म्हणून काकांनीच फोन उचलला.

"जावईबापू," दादा म्हणाले. आवाज अगदी हळू. "त्या दिवशी तुम्ही मला आणखी एकदा विचारलं असतंत ना, तर मी सांगितलं असतं त्या बाईंना."

"असेल," काका म्हणाले.

"विचारायला हवं होतंत."

"हवं होतं, दादा."

मग दोघं गुडघ्यांबद्दल बोलले. पुढच्या हिवाळ्यात दादा गेले. ते खरोखर सांगणार होते की नाही, हे काका कधीच ठरवू शकले नाहीत. कधी वाटे, नक्की सांगितलं असतं. कधी वाटे, हा माणूस जाता जाता नुसती माझी समजूत काढून गेला.

काका अजून काम करतात, पण थोडंच. घर विकायला काढलंय असं कळलं की गिलाव्याआधी विचारतात, घेणारं कोण आहे, त्यांना बोलवा, भिंत त्यांच्यासमोर उघडतो. पुष्कळ लोक मग दुसरा गवंडी बघतात. काका त्यांना अडवत नाहीत.

महिन्या-दोन महिन्यांनी काका आणि त्यांची बायको त्या घरी जातात. नर्सबाईच बोलावतात. म्हातारी आता राहिली नाही, पण मागच्या खोलीत ऊन पूर्वीसारखंच येतं. काकांची बायको स्वयंपाकघरात उभी राहून सांगत असते, इथे फळी होती, तिच्यावर बाबांचा कप पालथा असायचा. या कोपऱ्यात वहिनी रुसून बसायची. नर्सबाई भाजी चिरता चिरता ऐकतात आणि मध्येच विचारतात, "मग ती फळी काढली कुणी?" आणि ती सांगायला लागते. काका पुढच्या पायरीवर बसून रस्ता बघत असतात. आतलं बोलणं त्यांना सगळं ऐकू येतं. निघायची घाई त्यांना कधीच नसते.